लोहचुंबक

ऊन चर्चच्या भिंतीवरून खाली उतरलं
की आम्ही सहाजण धक्क्यामागच्या मैदानात जमतो.
म्हणजे पाच. दिन्को फेब्रुवारीत गेला,
पण मोजताना तोंडात अजून सहाच येतं.

खेळ साधा आहे. एक छोटा गोळा पुढे टाकायचा
आणि आपले लोखंडी गोळे
होतील तितके त्याच्या जवळ न्यायचे.
टाकायचं काही वाटत नाही.
उचलायचं वाटतं.

लोहचुंबक पहिल्यांदा येर्कोनं आणलं,
बोटीवरच्या जुन्या स्पीकरमधलं, दोरीला बांधून.
उभ्या उभ्या दोरी सोडायची, गोळा टक्‌कन चिकटतो,
मग विहिरीतून पोहरा काढावा तसा वर घ्यायचा.
आम्ही पोट धरून हसलो.
प्रोश्पेर म्हणाला, "मासे संपले म्हणून
आता लोखंडाला गळ टाकतोस काय रे?"
येर्को हसला नाही. दोरी गुंडाळून त्यानं खिशात घातली.
तो तेव्हा सत्तरचा होता.
आम्ही एकोणसत्तर.

परवा मंगळवारच्या बोटीनं एक मुलगी आली,
आरोग्य खात्याची. मांडीवर फॉर्म,
हातात मुठीचा जोर मोजायचं यंत्र.
"तब्येत कशी वाटते तुम्हाला?
उत्तम, चांगली, बरी, वाईट?"
फ्राने म्हणाला, उत्तम.
त्याच्या हातात काठी असते, कुत्र्यांसाठी.
गावात कुत्रा एकच, तोही पोस्टाच्या पायरीवर झोपलेला.
प्रोश्पेरनं विचारलं, "कुणाच्या मानानं?"
"तुमच्या वयाच्या माणसांच्या."
त्यानं टेकडीवरच्या सुरूच्या झाडांकडे पाहिलं,
जिथे आमच्या वर्गातले बहुतेक आहेत.
"मग उत्तम. लिही."

मी म्हणालो, बरी.
यंत्र दाबलं. बावीस.
तिनं बावीस लिहिलं, वर मान न करता.
कागदावर सत्ताविसापाशी एक रेघ होती,
ती मला उलटीसुद्धा वाचता आली.
चौतीस वर्षं खाणीत छिन्नी धरली या हातानं.
हे तिला सांगणार होतो,
पण तशी रकानाच नव्हता, आणि पुढे फ्राने उभा होता.

तिनं विचारलं, वर्षभरात कधी पडलात?
आम्ही कुणीच पडलेलो नाही.
आम्ही बसतो. टेकतो. जरा थांबतो.
नोव्हेंबरात वरच्या मळ्यात
ऑलिव्हच्या झाडाखाली मी तासभर बसलो होतो,
एक पाय अंगाखाली, जाळं अर्धंच पसरलेलं,
आणि खालून फेरी येऊन परत गेली.
घरी सांगितलं, जाळ्याचा गुंता झाला.
लुत्सानं सदरा पाठीकडून पाहिला,
काही न विचारता धुतला.
तेव्हापासून माझ्या खिशात फोन असतो.
मी ठेवत नाही.

लोहचुंबक आता तुतीच्या झाडाला असतं, खिळ्यावर.
असं कुणी ठरवलं नाही.
एकजण ते घ्यायला गेला की बाकीचे समुद्राकडे बघतात,
हवापाण्याचं बोलतात.

दिन्कोचे दोन गोळे आम्ही अजून टाकतो,
पाळीपाळीनं, त्याच्या नावावर.
काल माझी पाळी होती.
गोळा चांगला गेला, तो असता तर उड्या मारल्या असत्या.
आणायला गेलो, आणि का कोण जाणे,
दोरी खिळ्यावरच राहू दिली.
वाकलो. गुडघा मातीला लागला,
मग दुसराही.
गोळा हातात होता, उन्हानं कोमट.
वर येणं तेवढं राहिलं होतं.

चौघं समुद्राकडे बघत होते.
प्रोश्पेर म्हणाला, दक्षिणेचा आहे आज, दमट.
फ्राने म्हणाला, हाडांना कळतो.
प्रोश्पेर म्हणाला, उद्या फेरी लागायची नाही.
मग बोलायला काही उरलं नाही,
तरी ते समुद्राकडेच बघत राहिले,
एवढं हवामान आमच्या बेटावर कधीच नव्हतं.

तुतीला धरून मी उभा राहिलो. गुडघे झटकले.
"वारा पडला," येर्को म्हणाला,
आणि लगेच, घाईघाईनं,
"म्हणजे थांबला."